एक जूनच्या मुली

१० जुलै, गुरुवार
आषाढ पौर्णिमा. वर्षावासास आरंभ. विहारातील ग्रंथवाचन यंदाही माझ्याकडेच आले. तीन महिने, रोज सायंकाळी एक प्रकरण. वाचन आटोपून घरी आलो तो प्रज्ञा ओसरीवर गुडघ्याला हळद लावीत बसलेली. कबड्डी. "चढाईत दम तुटला, पंचानं बाहेर काढलं," एवढेच म्हणाली.
निवृत्तीला दोन वर्षे झाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी झालेल्या ह्या मुलीशी अभ्यासाखेरीज काय बोलावे, हे मला अजून नीट उमगलेले नाही. 'दम' हा शब्द मात्र ओळखीचा वाटला. श्वासाविषयी मला थोडेफार ठाऊक आहे.

१३ जुलै, रविवार
शाळेच्या मैदानावर गेलो. प्र. धावत आली. "तुमी काऊन आले इथी? पोरी हासून राह्यल्या." म्हटले, पाहावयास आलो. क्रीडाशिक्षक आत्राम माझा जुना विद्यार्थी. त्याने लगबगीने खुर्ची आणविली. बसलो नाही.
निरीक्षण: ती श्वास छातीत भरते, पोटात नव्हे. आठव्या-नवव्या 'कबड्डी'पाशी शब्द विरतो. कबड, कबड, कब... द्वित्त 'ड्ड' समूळ गळतो. गाथापठणात ज्याने आयुष्यभर जोडाक्षरे राखली त्याला हे ऐकवत नाही.

२१ जुलै, सोमवार
श्वासाचा सराव सुरू करून आठवडा झाला. पहाटे साडेपाचला दोघे ओसरीवर. प्रथम केवळ श्वास पाहणे; मग दीर्घ उच्छ्वासावर शब्द ठेवणे. पहिले तीन दिवस हसण्यातच गेले. "बाबा, हे वंदना नोहे. समोर सात जणी पाय धराले टपल्या असतेत."
पाय त्या धरतील, श्वास तू धर, असे म्हणालो. पुन्हा हसली, पण हे हसणे निराळे होते.
आज चोवीस सेकंद. चढाई तिसाची.

३ ऑगस्ट, रविवार
दिना नदी पुलावरून. मुलचेऱ्याचा रस्ता दोन दिवस बंद, मैदानात गुडघाभर चिखल. प्र.ने मलाच अंगणाच्या टोकाला उभे केले आणि घड्याळ हाती घेतले. म्हणाली, करा आता चढाई. एकोणीस सेकंदांत माझा शब्द तुटला. "गुर्जी औट!" तिची आई स्वयंपाकघरातून, "पोरीच्या नादानं पडसान कुठी, हाड मोडून घ्यासान."
तीस वर्षे आनापान, श्वासाचे ध्यान, करणारा माणूस एकोणीस सेकंदांत बाद. अहंकारास औषध.

१९ ऑगस्ट, मंगळवार
तालुक्याचा सामना जिंकला. प्र.चे नऊ गुण, दम एकदाही तुटला नाही.
नोंदणीच्या मेजावर गंमत झाली. मैदानात उतरणाऱ्या सात जणींपैकी पाच जणींची जन्मतारीख एक जून. नोंद घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "काय वो पोरींनो, जुळ्या आहा का सगळ्या?" सगळे हसले. मीही.
परतताना गाडीत हसू आले नाही.

२० ऑगस्ट, बुधवार
काल जे टाळले ते लिहून ठेवतो.
एटापल्लीच्या आतील टोल्यावर, जंगलातल्या लहानशा वस्तीवर, मी मुख्याध्यापक होतो. पहिलीत नाव घालताना आईबाप तारीख सांगत नसत. ती त्यांना ठाऊकच नसे. "मोहा लय पडला होता त्या साली," एवढी नोंद. मग मी एक जून लिहीत असे. सगळेच गुरुजी लिहीत. त्यात असत्य नव्हते, अज्ञान होते. कालच्या पाचांपैकी सोनी मडावीचा एक जून माझ्याच हातचा.
प्रज्ञाचाही. तिचा जन्म त्याच टोल्यावर, सुईणीच्या हातून, कार्तिक पौर्णिमेस. दिवस, घटका, सर्व मला ठाऊक होते. जन्माची नोंद राहून गेली होती. शाळेत नाव घालताना मी पुढच्या वर्षाचा एक जून लिहिला. साडेसहा महिने पुढे. पुढेमागे सरकारी नोकरीची वयोमर्यादा आलीच तर उपयोगी पडेल, हा विचार. पुढे शाळेच्या त्याच दाखल्यावरून बाकीचे सारे कागद निघाले.
घरी खीर कार्तिकातच होते. तिला दोन्ही तारखा ठाऊक आहेत. एक घरची, एक शाळेची. तिला त्यात कधी काही वावगे वाटले नाही. इकडे कोणालाच वाटत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार
गडचिरोली. जिल्ह्याचा अंतिम सामना. शेवटच्या चढाईस दोन गुणांनी मागे. प्र. आत शिरली, कोपऱ्यातल्या मुलीस स्पर्श केला, दुसरीने घोटा धरला, तिसरीने कंबर; ओढत ओढत मध्यरेषेवर हात टेकला आणि तोवर शब्द स्पष्ट, अखंड. तीन गुण. संघ विभागावर.
सायंकाळचे वाचन घोगऱ्या आवाजात केले. आवाज का बसला हे कोणी विचारले नाही. आत्रामने भ्रमणध्वनीवर चित्रण दाखविले: धोतर सावरीत ओरडणारा तो वृद्ध मीच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
विभागाचा अर्ज आला. सतरा वर्षांखालील गट. एकतीस डिसेंबरला सतरा पूर्ण झालेली नसावीत. त्याखाली पालकाचे प्रतिज्ञापत्र: 'वरील जन्मतारीख माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.'
माझ्या माहितीप्रमाणे. येत्या कार्तिकात तिला सतरा पूर्ण होतात. ती ह्या गटात बसत नाही. जिल्ह्यावरही बसत नव्हती.
विहारात आजही सर्वांना पंचशील मी दिले. चौथ्यापाशी, असत्यापासून दूर राहण्याच्या शीलापाशी, जीभ जड झाली. लोकांना वाटले आवाज अजून बसलेलाच आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार
प्र.च्या आईशी बोललो. तिने तांदूळ निवडणे थांबविले नाही. "जिंदगीभर दुसऱ्याच्या लेकरायच्या तारखा लिहल्या. आपल्या लेकरासाठी एक लिहली त काय बिघडलं?"
तेच बिघडले, असे म्हणालो.
"मंग तवा लिहाच्या आंधी शील आठवलं नाई? आता तिच्या तोंडाशी घास आला तवा आठवलं?"


१५ सप्टेंबर, सोमवार
श्वासाचा सराव संपल्यावर ओसरीवरच प्र.ला सारे सांगितले. जे मी लिहिले, जे अर्जात विचारले आहे ते. ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे मी चोरी करून जिंकली?"
चोरी माझी, असे म्हणालो.
"पण मेडल माह्या गळ्यात हाय ना." थोड्या वेळाने, "आन् सोनीचं? बाकीच्यायचं? तुमी सांगाल त पूर्ण टीम बाद होईल, बाबा. त्याहिले काय सांगू?"
उठून गेली. न्याहारी केली नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार
तीन दिवस ती एकटीच मैदानावर जाते. मी ओसरीवर एकटा बसतो. श्वास पाहू जातो तो मन तिच्याच पावलांमागे. तीस वर्षांच्या साधनेची ही मिळकत.
असत्याचे मूळ लोभ, हे मी दरवर्षी वाचनात सांगतो. माझा लोभ नोकरीचा होता. नोकरीही तिची, काल्पनिक, वीस वर्षांनंतरची. त्या एका आकड्याचे फळ असे मैदानावर येऊन उभे राहील हे ध्यानीही नव्हते.

२२ सप्टेंबर, सोमवार
अर्जात कार्तिकातली खरी तारीख लिहिली, स्वाक्षरी केली, आत्रामच्या हाती दिला. त्याने वाचला, घडी केली आणि परत माझ्याच झोळीत घातला.
"गुर्जी, मी हा कागद पाह्यलाच नाई. बारा पोरी आहेत. त्यातल्या चार जणी कधी रेल्वेत बसल्या नाईत." मग खाली पाहून, "तुमीच शिकवलं मले. तुमालेच काय सांगू मी? पण शुक्रवारपर्यंत विचार करा."
रात्री जेवताना प्र.ने प्रथमच विचारले, "दिला का कागद?" परत आला, असे सांगितले. "मंग आपणच देऊन येऊ, गडचिरोलीले. मी येतो तुमच्यासंगं." इकडच्या मुली बोलण्याच्या भरात 'येतो' म्हणतात. आज सुधारले नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
गडचिरोली बसस्थानकावर लिहीत आहे. दुपारचे दोन.
क्रीडा कार्यालयातील बाबूंनी अर्ज घेतला, कागद लावून पाहिले. मी सर्व हकिकत सांगितली; काही वगळले नाही. प्र. शेजारी ताठ उभी होती. बाबू सज्जन होते. म्हणाले, "गुरुजी, दाखल्यावर एक जून, शाळेत एक जून, आधारवर एक जून. तुमच्या तोंडच्या पौर्णिमेले पुरावा काय? मी तुमच्या बोलण्यावर पोरगी कशी बाद करू? कागद हाये तोवर ते पात्र हाये." मग हलक्या आवाजात, "खेळू द्या न तिले. कोणी तक्रार केली का?"
नाही. कोणी तक्रार केलेली नाही.
बाहेर आलो. कागदाच्या न्यायाने ती निर्दोष ठरली. माझ्या मनाला क्षणभर सुटल्यासारखे झाले, हेही येथे लिहिले पाहिजे. मी सत्य सांगितले, त्यांनी मानले नाही; आता माझ्याकडे दोष कोठे उरला? असा विचार आला. तो किती चतुर आहे हे कळावयास चहाचा पेला रिकामा व्हावा लागला.
प्र.ने समोसा अर्धा खाऊन ठेवला. म्हणाली, "बाबा, मी झाली तवा ज्या बाईनं पाह्यलं, ते अजून हाय का?"
आहे. चिन्नी बाई. म्हातारी झाली, डोळ्यांनी दिसत नाही असे मागल्या वर्षी ऐकले. एटापल्लीकडच्या त्या टोल्यावरच असते.
"तिचं बोलणं लिहून घेतलं, सरपंचाचा सही-शिक्का घेतला, त पुरावा होते का?"
होऊ शकेल, म्हणालो. नाहीही होणार.
"आन् झाला त आमी बाद."
होय.
एवढे वय झाले, पण मुलीला अमुक कर असे सांगण्याचा अधिकार आज माझ्याकडे नव्हता. तो मी तिच्या पहिलीतच, त्या एका ओळीत, खर्चून बसलो होतो.
घरी नेणारी मुलचेऱ्याची गाडी लागली. वाहकाने दोनदा हाक दिली. प्र. उठली नाही. गाडी गेली.
आता ती चौकशीच्या खिडकीपाशी उभी आहे, एटापल्लीची गाडी किती वाजता आहे ते विचारीत.