आबांचा खुराक

मुरुम, ता. ९ फेब्रुवारी १९७३

ती. मालनआक्का हीस,

धाकटा भाऊ मच्छिंद्र याचा सविनय जयभीम. वि. वि. मी इकडे सुखरूप पोचलो.

धाराशिवला आबांना येरमाळ्याच्या गाडीत बसवून मी मुरुमची गाडी धरली. खरेदी-विक्री संघाच्या गोदामात तोलाई माझ्याकडेच असते, त्यामुळे रजा वाढवून मिळाली नाही. आबांजवळ निरोप दिला नाही. ते निम्मे विसरतात आणि उरलेले मुद्दाम सांगत नाहीत. म्हणून हे पत्र. दोनदा वाच.

धाराशिवच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. टी.बी.च आहे. हा शब्द तुझ्यापाशी ठेव. शेजारच्या सरुबाईला कळला तर उद्या आबांना पारावर कोणी जवळ बसू देणार नाही.

डॉक्टर म्हणाले की औषधाने रोग मरेल, पण माणूस उभा राहायला अंगात काहीतरी असावे लागते. आबांच्या अंगात आता काही राहिलेले नाही. म्हणून त्यांनी खुराक दुप्पट करायला सांगितला आहे. यात हयगय करू नकोस. गोळ्यांची पुडी आबांच्या बंडीच्या आतल्या खिशात आहे. शेंगदाणे आणि गूळ ओळखीच्या कंडक्टरकडून पाठवत आहे.

तुझा लोभ आहे तो या दुष्काळात आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ,
मच्छिंद्र

०

येरमाळा, ता. १७ फेब्रुवारी

चि. मच्छिंद्रास,

मालनआक्काचे अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. दोनदा न्हाय, तीनदा वाचलं. तुझं पत्र आलं की शाळा तपासायला साहेब आल्यावानी वाटतं. मागच्या वेळी माझंच पत्र तांबड्या शाईनं सुधारून मलाच परत धाडलंस. असा भाऊ साऱ्या तालुक्यात नसंल.

तू बजावलंस तशी आबांची खुराक दुपटीनं वाढवली. सकाळीबी देते न रातचीबी देते. पण ते लई किरकिर करतात, मळमळतं म्हणतात. मी पाझर तलावाच्या कामावर जाते. तिथं खायला सरकारी सुकडी मिळते, ती पदरात बांधून घरी आणते. शेंगदाणे पोचले. मडक्यात घालून तोंड बांधून ठेवलेत.

सरुबाई विचारत होती, तुझ्या बापाला काय झालंय. दमा म्हणून सांगितलं.

जिवाला जप. आक्काची आठवण ठेव.

तुझी आक्का

०

मुरुम, ता. २३ फेब्रुवारी

ती. आक्कास सविनय जयभीम.

तुझे पत्र वाचून जिवात जीव आला. दुष्काळात दोन्ही वेळा वाढीव करून घालतेस, हे दुसऱ्या कोणाला जमले नसते.

रागावू नकोस, पण खुराक हा शब्द पुल्लिंगी आहे. खुराक वाढवला असे लिहावे, वाढवली नव्हे. मी इथल्या शाळेच्या गुरुजींना विचारून खात्री केली. तांबडी शाई या वेळी वापरलेली नाही, याची नोंद घ्यावी.

मळमळले तरी खुराक कमी करू नकोस. आजारी माणूस लहान मुलासारखा तोंड फिरवतो. समोर बस आणि पोटात गेल्याशिवाय उठू नकोस. मला रात्रंदिवस तीच काळजी आहे. तू दया दाखवून माघार घेशील, एवढीच भीती वाटते.

माया कमी करू नकोस. आबांच्या बाबतीत मात्र थोडी कठोर हो.

मच्छिंद्र

०

येरमाळा, ता. २ मार्च

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद.

पत्र मिळताच ये, न्हायतर काय करू ते तरी कळव. आबांचे डोळे पिवळे झालेत. लघवी हळदीच्या पाण्यावानी होते. तळपायाला काटे टोचतात म्हणतात. उलटी थांबत न्हाय. पेज पाजली तर तीबी पडते.

तू लिहिलंस म्हणून मी समोर बसून खुराक घालते. परवा त्यांनी मला हात जोडले. म्हणाले, “मालन, ह्या जहरानं मला एकदाचं संपव, न्हायतर बंद कर.” तरी मी बंद केली न्हाय. तू रागावशील म्हणून.

पुडीवर रोज एकच गोळी लिहिली हाय, पण डॉक्टरचं सांगणं तुझ्या तोंडून आलं, म्हणून मी दोन देते. औषध एवढं कडक, त्यावर शेंगदाणा न गूळ अजून उष्ण, म्हणून मडकं उघडलंच न्हाय. नुसती पेज देते. पुडी दीड महिन्याची, पण सरत आली. नवी आणायला तू जातोस का मी जाऊ?

वाढवला लिहायचं का वाढवली, ते तू ठरव. मला काय सुचत न्हाय.

आक्का

०

तार. मुरुम, ता. ५ मार्च

मालनबाई, येरमाळा. गोळ्या ताबडतोब बंद करा. खुराक म्हणजे जेवण. आबांना धाराशिव दवाखान्यात न्या. मी निघालो. मच्छिंद्र.

०

धाराशिव, ता. ९ मार्च

ती. आक्कास सविनय जयभीम.

तू परवा माझ्याकडे न बघताच गाडीत बसलीस. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहीत आहे.

आबांच्या तोंडून ऐकले. निजामाच्या वेळी हकीम मात्रा मोजायला दवेच्या बाटलीला कातरे पाडलेली कागदी पट्टी चिकटवायचा आणि एका कातऱ्याएवढ्या दवेला एक खुराक म्हणायचा. आपल्या घरात तो शब्द तसाच राहिला, ती खुराक. तू वाढवली लिहिलेस तेव्हा तू औषधच वाढवले होतेस. मी शब्दाचे लिंग सुधारले, अर्थ विचारला नाही.

डॉक्टर म्हणतात यकृत सुजले आहे. पिवळेपणा उतरेपर्यंत गोळ्या द्यायच्या नाहीत. पण गोळ्या बंद म्हणजे छातीतला रोग मोकळा. संध्याकाळचा ताप पुन्हा सुरू झाला आहे. आता पोटात अन्न जाईल तेवढाच आधार, असे त्यांनी मला दोनदा बजावले. उलटी थांबली आहे, पण आबा काही खात नाहीत. अंडे पुढे केले की भिंतीकडे तोंड करतात. दूध दिले तर ओतून टाकले. मी खुराक हा शब्द काढला तर त्यांनी पांघरूण डोक्यावर घेतले. समोर बसून जबरदस्ती करण्याची आता माझी हिंमत नाही.

काय करू ते सांग. तुझे ऐकतात. रागावली असशील तर राग नंतर काढ, आधी उत्तर दे.

मच्छिंद्र

०

येरमाळा, ता. १२ मार्च

चि. मच्छिंद्रास आशीर्वाद.

राग काढायला येळ न्हाय. गाडीवाल्याकडं काचेची बरणी दिली हाय, नीट उतरवून घे.

मडकं उघडलं. शेंगदाणे भाजले, कुटले, गूळ न सुकडी घालून सारखं मळलं. बरणीला कागदाची पट्टी चिकटवली न कात्रीनं कातरे पाडले, हकिमाच्या बाटलीला असायचे तसे. खळ जरा जास्त झाली, तेवढं सोसून घे.

आबांना सांग, ही गोळी न्हाय. आपल्या आज्याला दुखण्यातनं उठवलं ती जुनी दवा हाय, मालननं मिळवली. दर वेळी एक कातरा. जेव म्हणू नको, खा म्हणू नको. खुराक घ्या म्हण. त्यांचीवाली. न तुझं व्याकरण त्यांच्यापुढं उघडू नको.

सरुबाईला दुखण्याचं खरं नाव कळलं. रागात मीच बोलले. ती सांच्याला शेळीचं दूध घेऊन आली न म्हणाली, म्हातारा घरी आला की रोज घेऊन जात जा.

लवकर कळव. मी रस्त्याकडं बघत बसते.

आक्का

०

धाराशिव, ता. १९ मार्च

ती. आक्कास सविनय जयभीम.

बरणी फुटली नाही. पहिल्या दिवशी आबांनी पट्टीवरून बराच वेळ बोट फिरवले. मग बरणी नाकाशी धरली आणि मला म्हणाले, “हकिमाच्या दवेत शेंगदाणा कधीपासनं घालायला लागले रं?”

मी मान खाली घातली. ते म्हणाले, मालनची कात्री वाकडी चालते, लहानपणापासून. मग पहिल्या कातऱ्यापर्यंत खाल्ले. संध्याकाळी मी न सांगताच त्यांनी बरणी मागितली. काल अंडेही घेतले, पण अंड्यालाही कातरा कुठे आहे असे विचारून.

डोळ्यांचा पिवळेपणा उतरत आहे. ताप अजून येतो. डॉक्टर सोमवारपासून गोळ्या पुन्हा सुरू करणार, आधी अर्धी, मग एक. फुप्फुस किती टिकले आहे ते पुढच्या फोटोत कळेल. तोवर वजन उतरता कामा नये.

पत्र लिहिताना आबा शेजारी बसून आहेत. त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहितो, यात मी काही सुधारलेले नाही:

खुराक संपली. दुसरी पाठव.

तुझा,
मच्छिंद्र