बोटभर कल

५ जानेवारी

तीन ठोकळे मांडले आज टेबलावर. पाइनचे, वीतभर लांब. यांच्या शर्यतीच्या छोट्या गाड्या होणार. तिन्ही सारखेच दिसतात, पण इथून पुढे तिघांची नशिबं वेगळी! एक साध्या वर्गात धावणार, एक सुधारित वर्गात, एक बेबंद वर्गात.

साध्या वर्गात ठोकळ्याबरोबरच्या पाकिटातून निघतील ती चाकं आणि तेच खिळे. घासा, चकाकवा, वर काळी ग्रॅफाइटची भुकटी चोळा, बस. सुधारितमध्ये चाकं कातून हलकी करता येतात. बेबंदमध्ये वजन पाच औंसांच्या वर नको एवढाच कायदा, बाकी काय वाट्टेल ते करा. इंजिन कुणालाच नाही. उतारावर सोडायची आणि बघत राहायचं. जेमतेम तीन सेकंद! त्यासाठी माणसं महिना महिना घासत बसतात, आणि त्यांतली मी एक.

बाहेर सगळं गोठलंय. गराजमधला छोटा हीटर फुरफुरतोय. करवत चालली की लाकडाचा वास सुटतो, आणि मग मी मिनेसोटात आहे की आणखी कुठे, काही कळत नाही. कळून घ्यावंसं वाटतही नाही.

८ जानेवारी

व्हर्ना आली, लेमन बारच्या वड्या घेऊन. माझी थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते आणि जन्मभर मला सुधारायला निघालेली आहे.

‘अगं, अठ्ठावन्नची झालीस, मार्लिस! अजून गाड्या गाड्या खेळतेस? टॉड होता तोवर ठीक होतं.’

बरोबर आहे तिचं. माझ्या टॉडच्या स्काउट पथकासाठीच पहिली गाडी केली होती. पोरगा मोठा झाला, डेन्व्हरला गेला, दाढीबिढी ठेवली. मी मात्र गाड्यांपाशीच राहिले.

‘आणि तो तुझा नेब्रास्काचा हातमोजेवाला? काय म्हणतोय?’

‘माझा कुठला? शर्यतीचा यजमान आहे तो.’

‘तोंड तरी पाहिलंयस का त्याचं?’

नाही पाहिलं. आमची शर्यत पोस्टाने चालते. देशभरातून गाड्या डब्यांत घालून ऑरिन लिंडक्विस्टकडे जातात. त्याच्या तळघरात लांबलचक धावपट्टी आहे. तो गाड्या लावतो, सोडतो, खालून उचलतो, आणि आम्ही घरी बसून पडद्यावर बघतो. कॅमेरा पट्टीवर रोखलेला, त्यामुळे दिसतात ते फक्त त्याचे हात. पांढरे सुती हातमोजे घातलेले, बोटांचं तेल चाकांना लागू नये म्हणून. यजमानाला नियम एकच — ठेवायची आणि उचलायची. गाडीला बाकी काही करायचं नाही. चिकटलेला केसही काढायचा नाही! सगळा खेळ त्या दोन हातांच्या भरवशावर चालतो.

‘हात पाहिलेत,’ मी म्हणाले.

व्हर्नाला एवढं हसू आलं की लेमन बार घशात अडकला. पाणी द्यावं लागलं बाईला.

१४ जानेवारी

निळी गाडी — साध्या वर्गाची — जवळपास झाली. हिच्यावर जीव जडलाय माझा. इतक्या वर्षांत एकदाही पहिली आलेली नाही मी. दुसरी आले, चौथी आले, एकदा चाक निखळून शेवटची. यंदा वाटतंय...

नाही, लिहीत नाही.

दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि ग्रॅफाइटची भुकटी हवेत तरंगताना दिसली. काळी, पण उन्हात चांदीसारखी. ती खाली बसेपर्यंत मी बघत बसले. काम काहीच झालं नाही. दिवस छान गेला.

१९ जानेवारी

आज कल लावला. या खेळातलं हेच खरं नाजूक काम.

नवख्यांना वाटतं, गाडी सरळ धावली पाहिजे. छे! सरळ सोडलेली गाडी वाटेत इकडे आपट, तिकडे आपट करत येते. म्हणून पुढच्या एका चाकाचा खिळा केसभर वाकवायचा. मग ती धावपट्टीच्या मधोमधच्या उंच कडेकडे झुकते, तिला टेकून राहते आणि गुपचूप खाली येते. पुढचं दुसरं चाक उचललेलंच असतं, जमिनीला टेकतच नाही. किती झुकवायची ते वर्गावर. साध्या वर्गाला दोन बोटं पुरतात. बेबंदवालीचं वजन सगळं मागे, नाक जवळजवळ हवेत, तिला जास्त लागतं. नाहीतर उडालीच म्हणून समजा.

आधी टेबलावरच्या उतरत्या फळीवर पाणसळ आडवी ठेवली, बुडबुडा मधोमध आणला, मग गाड्या सोडल्या. फळीवर रेघ आहे. गाडी रेघेवर सोडायची आणि खाली पोहोचेपर्यंत किती बाजूला गेली ते बघायचं. निळी दोन बोटं गेली. पुन्हा सोडली, पुन्हा दोन बोटं. किती वेळा सोडली कोण जाणे. शेवटी शेवटी तर नुसतं तिचं जाणं बघायला सोडत होते.

मनात आलं, सरळ चालणारी मी. किती आपटले! कुणालातरी जरासं टेकून चालायला हवं होतं.

व्हर्नाला हे सांगण्यात अर्थ नाही.

२७ जानेवारी

तिन्ही गाड्या स्पंजात बसवून पोस्टात टाकल्या. घर रिकामं वाटतंय!

८ फेब्रुवारी

जिंकले! निळी पहिली आली!!

नीट लिहिते. बेबंद वर्ग आधी झाला. माझी गाडी अर्ध्या वाटेत पट्टीवरून उडाली, ऑरिनने अलगद झेलली. सुधारितमध्ये सहावी. मी कॉफी आणायला उठणारच होते. मग साधा वर्ग. पांढऱ्या हातांनी निळी उचलली, पट्टीवर ठेवली, आणि एक बोट क्षणभर तिच्या पाठीवर राहिलं. मला उगाच वाटलं की माझ्याच पाठीवर. मग गाड्यांपुढचं फाटक पडलं. निळीचा आवाजच नाही! बाकीच्या खडखडत होत्या आणि ही आपली झोपेत चालल्यासारखी. ओहायोच्या एका गृहस्थाची गाडी अगदी शेजारी होती. निळी कागदाच्या जाडीएवढी पुढे.

संध्याकाळी ऑरिनचा फोन आला. शर्यतीनंतर येतो नेहमी, पण आज लांबला. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली, हे आज कळलं. इतकी वर्षं फोनवर आम्ही चाकं आणि खिळे यांच्यापलीकडे बोललोच नाही.

‘मार्लिस, एप्रिलमध्ये समोरासमोरची शर्यत आहे. गाड्या डब्यातून नका पाठवू. तुम्हीच घेऊन या ना.’

‘मी इतक्या लांब गाडी चालवत नाही हो.’

‘हळू चालवा. मी पट्टी पुसून ठेवतो.’

आवडतो मला तो. लिहिलं एकदाचं.

९ फेब्रुवारी

नेब्रास्कात मार्चमध्ये सारस येतात म्हणे, नदीवर. हजारोंनी. एप्रिलपर्यंत थांबले तर मला दिसतील.

१८ फेब्रुवारी

डबा परत आला. स्पंज जसाच्या तसा, कुठे ठोका नाही. निळी काढली, ओठांना लावली (लाज नाही मला!) आणि सहज फळीवर सोडली. जिंकलेली गाडी पुन्हा धावताना बघायची होती, एवढंच.

चार बोटं गेली.

पुन्हा सोडली. चार. चाक फिरवून पाहिलं, डगमगत नाही. धक्क्याने खिळा वाकला असता तर चाक डगमगलं असतं. कुणीतरी जपून, मापात, जाणत्या हाताने वाकवला असेल तरच असं होतं. आणि माझ्या हातानंतर तिला एकाच माणसाचे हात लागलेत. त्याच्या पट्टीवर किती कल जिंकतो, ते त्यालाच ठाऊक.

बाकीच्या दोन डब्यातच ठेवल्या. हरलेल्या गाड्या कोण बघतं!

१९ फेब्रुवारी

व्हर्नाला सांगितलं. सांगायला नको होतं.

‘म्हणजे त्याने तुला जिंकवलं? अगं, मग गप बस की! तुझ्यासाठी माणसाने एवढा खिळा वाकवला, तर बिघडलं काय? आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत भिंतीत खिळा ठोकला नाही!’

हसू आलं, मग रडू. तिला कळत नाही. मला विजय नको होता असं मुळीच नाही. पण विजयापेक्षा ते हात हवे होते, जसे होते तसे.

रात्रभर मनात निळी धावत होती, आणि दर वेळी कुणीतरी तिला मागून ढकलत होतं.

२० फेब्रुवारी

केला फोन.

‘ऑरिन, गाडी मी पाठवली तशी परत आलेली नाही. कल दुप्पट झालाय.’

त्याच्या तळघरातलं घड्याळ ऐकू येत होतं.

‘तुम्हाला काय वाटतं, मार्लिस?’

‘मी तुम्हाला विचारतेय. हात लावलात का तिला?’

‘ठेवली आणि उचलली.’

‘मग कल कसा बदलला?’

‘ते मला माहीत नाही.’ मग, अगदी हळू, ‘तुम्हाला हे विचारावंसं वाटलं, तिथेच संपलं ना सगळं.’

रागावला असता तर बरं झालं असतं. भांडला असता, शपथा घातल्या असत्या, तर मी विश्वास ठेवला असता. काहीच केलं नाही त्याने. मी म्हणाले, विजय मागे घेते. तो म्हणाला, तुमचा हक्क आहे. आणि फोन ठेवला, अलगद.

२३ फेब्रुवारी

पडद्यावर ऑरिनची चार ओळींची सूचना. साध्या वर्गाचा विजय ओहायोकडे. एका स्पर्धकाला यजमानाच्या हातांवर भरवसा उरला नाही, म्हणून यापुढे शर्यत दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. माझं नाव नाही. माझं नाव घातलं नाही त्याने!

खाली लोकांचे निरोपावर निरोप. ‘निळ्या गाडीवालीच ना?’ ‘ऑरिनवर संशय? डोकं ठिकाणावर आहे का?’ सगळे वाचले. उत्तर दिलं नाही.

२७ फेब्रुवारी

बरोबरच केलं मी. खोटा विजय घेऊन एप्रिलमध्ये त्याच्यासमोर कशी उभी राहिले असते?

उभी राहणारच नाही आता. तो प्रश्न मिटला.

२ मार्च

दुपारी डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. नदी, सारस, आणि पांढरे हातमोजे पाण्यावरून वाहत चाललेले. मी काठाने धावतेय आणि ते काही हाताला लागत नाहीत. जागी झाले तेव्हा हीटर बंद पडला होता, आणि गराजचं बाजूचं दार ओढून ओढून लागेना.

६ मार्च

दार अजून तसंच. खांदा लावला, लाथ मारली. हार्लन सुताराला बोलावलंय, उद्या येतो म्हणाला. निळी खोक्यात घालून वर माळ्यावर टाकली. बघवत नाही तिच्याकडे.

७ मार्च

हार्लनने दाराला हातही लावला नाही. फरशीवर पाणसळ ठेवली आणि हसला. ‘दाराला काही झालं नाही, बाई. यंदा जमीन खोलवर गोठलीय, माती फुगलीय. हा टेबलाचा कोपरा बघा, अंगठाभर वर आलाय! महिना तरी झाला असेल.’

तो गेला. फळीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा पार टोकाला. १८ तारखेला जिंकल्याच्या धुंदीत ती लावलीच नव्हती मी. पहिला धडा, नव्या लोकांना मीच शिकवते!

मग पोस्टाचा डबा उघडला. परत आल्यापासून हात न लावलेल्या दोघी काढल्या आणि फळीवर सोडल्या. सहावी आलेली — दोन बोटं जास्त. उडून पडलेली — दोन बोटं जास्त. त्याच बाजूला.

हरलेल्या गाड्यांचे खिळे कोण वाकवणार?

कुणीच हात लावला नव्हता. निळी आपल्या पायांनी जिंकली होती. माझंच घर सरकलं होतं.

चारदा फोन केला. उचलत नाही. व्हर्नाकडे घराची किल्ली दिली, पेट्रोलची टाकी भरून आले. एप्रिलपर्यंत थांबवत नाही. बर्फ पडतोय, हळू चालवीन.