बंपर, डाव आणि इतर नुकसान

तीर्थरूप मामांना, त्यांच्या नव्या गुडघ्यासह, भाच्याचा साष्टांग नमस्कार.

(तुमच्या वाटणीचं वाकणंही मीच उरकलं आहे. डॉक्टरांनी सांगेपर्यंत तुम्ही कुणापुढेही वाकू नये.)

गुडघा कसा आहे? जिना चढता का? ताईच्या घरची पथ्याची भाजी तुम्ही खिडकीतून मांजराला घालता असं तिने फोनवर सांगितलं. मांजर दुसऱ्या दिवसापासून येईनासं झालं, हेही सांगितलं. इकडे सगळं क्षेम आहे. हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं, पुढचं वाचताना ते फार मनावर घेऊ नका.

ऑपरेशनला निघताना तुम्ही ट्रकची चावी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता मिठाच्या आगरातली वाहतूक घेतलीय. मीठ क्रोम खाऊन टाकतं. सगळं उतरव आणि त्या पेंटरकडून खरखरीत काळा लेप मारून घे." बोलताना तुम्ही बंपरकडे बघत नव्हतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. बावीस वर्षं ज्या बंपरमध्ये बघून तुम्ही भांग पाडलात, त्याच्याबद्दल असं बोलायचं म्हणजे काळजाला घरं पडतात. म्हणूनच पेंटर जेव्हा म्हणाला की महिनाभर हात रिकामा नाही, तेव्हा मी ठरवलं की मामांचा बंपर परक्याच्या हाती द्यायचाच नाही. शिवाय मी एक व्हिडिओ बघितला होता. त्यात एक माणूस हे सगळं अकरा मिनिटांत करतो आणि शेवटी हसतो.

तर तुमच्या शेडमध्ये मी पुढचा बंपर, आरशांची दोन कव्हरं, चढायच्या दोन पायऱ्या आणि चाकांच्या नटांवरच्या चाळीस टोप्या काढून मांडल्या. (टोप्या आता एकोणचाळीस आहेत. त्याबद्दल शोध चालू आहे.) भांडी घासायच्या साबणाने सगळं लख्ख धुतलं आणि ब्रशने दोन हात लेप दिला. संध्याकाळपर्यंत बंपर असा देखणा दिसायला लागला की मी त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतला. तो तुम्हाला पाठवणारच होतो, पण सकाळी शेजारचे घड्याळवाले आले. तुम्ही त्यांना ओळखता. दुकान बंद केल्यापासून त्यांना वेळच वेळ आहे. ते कुठलंही काम बघितलं की आधी खुर्ची मागतात. त्यांनी बंपरच्या कोपऱ्याला नख लावलं, जरासं ओढलं आणि मामा, खोटं सांगत नाही, अख्खा लेप सापाच्या कातीसारखा एका तुकड्यात निघून त्यांच्या हातात आला. खाली क्रोम जसंच्या तसं चकाकत होतं. त्यात मी आणि घड्याळवाले दोघंही दिसत होतो. एकाचं तोंड उघडं होतं.

"हे असंच असतं का?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हा पहिला थर. हा काढायचाच असतो."

हे उत्तर मला त्या वेळी फार छान सुचलं असं वाटलं होतं. पण मागे तुमची भाचेसून चहा घेऊन उभी होती. तिने कप ठेवले, लेपाचा डबा उचलला, ब्लाउजला काजं करताना लावते तो चष्मा लावला आणि डबा गोल फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "अहो, डब्यावर लिहिलंय ते वाचलंत का?"

"मी व्हिडिओ बघितलाय."

"यात लिहिलंय, क्रोम गुळगुळीत असतं, त्याला काही धरत नाही. आधी तेलकटपणा काढायचा, मग चमक मरेपर्यंत पॉलिशपेपरने घासायचं, थिनरने पुसायचं, मग प्रायमर, मग हे." आणि ती शांतपणे शिवणाला निघून गेली. मामा, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिच्या आवाजाची मला भीती वाटत नाही. शांततेची वाटते.

मग घासकाम. चमक मरेपर्यंत हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. कंपनीने क्रोम काय विचार करून इतकं कडक बनवलं देव जाणे. पेपर झिजले, माझे खांदे झिजले, चमक होती तिथेच. पहिल्या दिवशी बंपरमध्ये माझा चेहरा स्वच्छ दिसत होता, दुसऱ्या दिवशी धुक्यातून आल्यासारखा, तिसऱ्या दिवशी नुसता एक राखाडी गोळा. (बायको म्हणाली, आता खरा दिसतोय.) चौथ्या दिवशी डाव्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढी चमक उरली होती. तुम्ही उभं राहून भांग पाडायचात ती जागा. तिथे पेपर टेकवला आणि माझा हात चालेना. उगाच पाणी प्यायला गेलो. परत आलो तर तिने ती जागा घासून टाकली होती. म्हणाली, "मामांना गंजलेला बघवला नसता." मी झिजलेले पेपर गोळा केले.

पाचव्या दिवशी ऑफिसला गेलो. आमच्याकडे अंगठा लावून हजेरी असते. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. दहा प्रयत्न केले. पेपरने माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या रेषा साफ घासून गेल्या होत्या. साहेबांकडे गेलो. साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही आलेले नाही आहात." मी म्हटलं, साहेब, मी समोर उभा आहे. ते म्हणाले, "ते मला दिसतंय. पण सिस्टीममध्ये दिसत नाही." शेवटी मी दिवसभर काम केलं आणि त्याच दिवसाचा रजेचा अर्ज स्वतःच्याच टेबलावर बसून लिहिला. कारण या रकान्यात "मामांचा बंपर" लिहिलं. मंजूर झाला.

थिनर आणि प्रायमर झाल्यावर पुन्हा लेप. हा दोन डब्यांचा असतो. एकात दुसरं ओतून ढवळलं की अर्ध्या तासात वापरायचा, नाहीतर दगड होतो. मी बादलीत मिसळला, ढवळायला स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा डाव आणला, आणि तेवढ्यात घड्याळवाल्यांनी विचारलं की अर्धा तास मोजायचा तो ओतल्यापासून की ढवळून झाल्यापासून. प्रश्न महत्त्वाचा होता. त्यावर आमची चर्चा झाली. निष्कर्ष निघाला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. डाव आता बादलीत ताठ उभा आहे. डाव धरून उचलला की बादली येते. बायकोने बघितलं आणि पुन्हा शांत राहिली.

तिसऱ्या खेपेला मात्र सगळं शास्त्रशुद्ध झालं. बोल्टच्या भोकांत लेप जाऊ नये म्हणून प्रत्येक भोकात चिंधीची गुंडाळी घालायची, कडांना चिकटपट्टी लावायची, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. बायको शिवणकामवाली; तिने पट्टी अशी लावली की कुठे सुरकुती नाही. डावी पायरी माझ्याकडे होती. चिंध्या म्हणजे वेळेचा अपव्यय असं माझं मत पडलं. मग स्प्रेगनने फवारणी. पहिला हलका हात, थांबायचं, मग दुसरा जाड. दाणेदार पोत येतो, अगदी मगरीच्या पाठीसारखा. एकदाच काय तो वारा फिरला. माझ्या अर्ध्या मिशा दाणेदार झाल्या, आणि घड्याळवाले पेपर वाचत बसले होते त्या खुर्चीची पाठ, आणि थोडं त्यांचं टक्कल. टक्कल थिनरने साफ झालं. खुर्चीबद्दल ते म्हणाले, आता पाठ घसरत नाही, बसायच्या जागेवरही मारून द्या.

सात दिवस वाळू दिलं. मग परीक्षा. मी बंपरवर हातोडा मारला. बंपरला ओरखडाही नाही. हातोडा उसळून माझ्या पायाच्या अंगठ्यावर आला. त्यामुळे सध्या तुम्ही तिकडे आणि मी इकडे एकाच चालीने चालतो आहोत. नंतर मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी चार दिवस गुंडाळून ठेवली. गंजाचा ठिपका नाही. मामा, ट्रक आता चकाकत नाही, पण समोर उभं राहिलं की आपण जरा बाजूला व्हावं असं वाटतं. तुम्हाला आवडेल. आवडलं नाही तर ताईला सांगा, मला नको.

पथ्य पाळा. मांजर परत आलं तर कळवा.

तुमचा आज्ञाधारक (यापुढे तरी),
भाचा

ता. क. डावी पायरी बसत नाही. भोकं लेपाने बुजली आहेत आणि लेप, वर सांगितल्याप्रमाणे, फार मजबूत आहे. तूर्तास उजवीकडून चढा.

ता. क. २. बायकोने पत्र वाचलं. तिच्या सांगण्यावरून दुरुस्ती करतो: "शास्त्रशुद्ध झालं" इथपासून जे जे चांगलं झालं ते तिने केलं आहे. वारा फिरला तेव्हा स्प्रेगन माझ्याकडे होती.

ता. क. ३. तुमचा ट्रक बघून आगराच्या रस्त्यावरचे तीन ड्रायव्हर आपापले बंपर घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, थेट तिला विचारलं. तिला हा धंदा तुमच्या शेडमध्ये सुरू करायचा आहे. ती स्वतः मागणार नाही, म्हणून मी मागतो. मामा, नाही म्हणू नका. एवढी खूश मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलेली नाही.

ता. क. ४. आता खरं काम. तिला मदतीला एक माणूस हवा आहे. मी तयार आहे असं म्हटलं, तर म्हणाली, रीतसर अर्ज करा, विचार करते. तुमचा शब्द ती मोडत नाही, तेव्हा फोनवर सहज विषय काढावा. अर्ज समोरच आहे. नाव, वय, पत्ता भरून झालं. "या कामाचा पूर्वानुभव" हा रकाना कोरा ठेवलेला बरा, की काहीतरी लिहू, तेवढं उलटटपाली कळवा.