ब्रेक दाबला की पंखा दमतो

रविवार, रात्र. विटा

उद्या शालनला घेऊन आंबोलीला निघायचं, जुन्या ट्रकच्या हौद्यात बांधलेल्या खोलीत राहायचं. पण आतला पंखा नीट चालला नाही तर ती एसटीनं माहेरी, शिराळ्याला जाणार. सकाळीच बजावलंय.

बॅटरी नवी, वायरिंग मी केलेलं. तरी ब्रेक दाबला की पंख्याचा आवाज बसतो. वायरमन म्हणाला, भास आहे. भास कसला? इंजिनाचे आवाज ऐकण्यात हयात गेली माझी. ब्रेकचा दिवा आणि पंखा, दोन्हींच्या अर्थिंगच्या तारा चासीच्या, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्याच्या, एकाच बोल्टवर. म्हणजे तिथंच काहीतरी... बोल्ट खोलला आणि कपाळावर हात मारला. चासी हौसेनं लालभडक रंगवली, तो रंग बोल्टखालीही! तार लोखंडाला नीट टेकतच नव्हती.

तरी नवा रंग खरवडायला हात धजेना.

"आवं, खरवडा की! रंग काय वारा घालतोय व्हय?" शालन म्हणाली.

खरवडला. ती पुढं ब्रेकवर पाय देऊन बसली, मी मागं कान लावून. आवाज जरासुद्धा बसला नाही.

"सोडू का पाय?"

"दाबून धर. ऐकू दे जरा."

जेवण झाल्यावर बघतो तर तिची उशी ट्रकमधल्या खोलीत जाऊन पडलीय.