रौशनच्या नावाचा हौद

प्रिय नुजहत,

काल बाजारात जमीरभाई भेटले. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाला तू येणार आहेस, हे त्यांनीच सांगितलं. वामनराव सरांनी शाळेच्या कागदाच्या हौदाला रौशनचं नाव द्यायचं ठरवलंय आणि रद्दीची पहिली ओंजळ तुझ्या हातून टाकायची आहे. सगळे खूश आहेत. मी तेवढी नाही. शाळेच्या फाटकात पाऊल ठेवण्याआधी हे पत्र पूर्ण वाच, एवढंच माझं मागणं आहे. तोंडावर सांगायची हिंमत चार महिन्यांत झाली नाही. तुझा आवाज ऐकला की मी आधी रडते आणि मग खोटं बोलते.

तो हौद तुझ्या लेकीमुळेच झाला, हे सगळ्या महागावाला माहीत आहे. जूनमध्ये वर्गात एक कागद चुरगाळून मी टोपलीत टाकला, तर ही उठली, कागद उचलला, मांडीवर सरळ केला आणि म्हणाली, "मॅडम, मागून कोरा हाये न, काहून फेकून राह्यल्या?" पोरं खो खो हसली. सतरा वर्षं शिकवलेल्या बाईला आठवीतल्या पोरीनं शहाणपण शिकवलं! मग तिनं माझा पिच्छाच पुरवला. डब्यातलं उष्टं खड्ड्यात, खत व्हायला. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, तू शिकवलेल्या टाक्यांनी शिवून, पहिलीच्या लेकरांसाठी नव्या वह्या. लिहिलेली पानं हौदात, आठवडाभर भिजवून त्यांचा लगदा करायचा, जाळीवर पसरून उन्हात वाळवायचा. मुलं तिला 'मुकादम' म्हणायची. आणि तू मला म्हणायचीस, "शीले, माह्या पोरीले कचऱ्याचं येड लावलं तू." लावलं तिनंच होतं गं, मला.

जुलैत मी वर्गाला एक काम दिलं होतं. घरची माणसं दिवसभरात जे बोलतात, ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं. बाकीच्यांनी दोन-तीन पानं भरली आणि सोडून दिलं. रौशननं सोडलं नाही. ती पेन्सिल घेऊन तुझ्या मागे मागे फिरायची, मशीनवर बसलीस की शेजारी बसायची आणि 'अम्मी, फिर से बोलो' म्हणायची, हे तूच कौतुकानं सांगितलंस. वाचायला मागितलीस तर वही पाठीमागे लपवायची. पूर्ण झाली की दाखवीन म्हणाली होती. चाळीस पानं झाली तेव्हा तिनं ती मला तपासायला दिली. मी वाचली. तुझ्याआधी मी वाचली.

सप्टेंबरात तिला ताप आला आणि तुम्ही तिला यवतमाळला नेलं. मला वाटलं, आठ दिवसांत येईल. सगळ्यांनाच वाटलं. त्याच आठवड्यात कचरामुक्त शाळा बघायला तपासणीची समिती येणार होती. आमची तारांबळ उडाली. सरांना फोटोत हौद काठोकाठ भरलेला हवा होता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही हवा होता. माझंही नाव होणार होतं. वर्गातली रद्दी कधीच भिजून संपली होती, म्हणून आम्ही शिक्षकांच्या खोलीतली कपाटं उपसली. समिती आली, बघून गेली, पाठ थोपटून गेली. तीन दिवसांनी यवतमाळहून जमीरभाईंचा फोन आला. त्यानंतरचं तुला मी काय सांगणार?

रौशनचा चाळिसावा दिवस झाल्यावर तू तिची ती वही शोधायला लागलीस. गणिताच्या वह्या सापडल्या, चित्रकलेची सापडली. ही नाही. तुझ्याकडे तिचे फोटो भरपूर आहेत, पण तिनं स्वतःच्या मनानं लिहिलेलं तेवढंच होतं. मी तुझ्या घरी आले, पलंगाखालची पेटी आपण दोघींनी मिळून रिकामी केली, गाद्या उचलल्या, शिलाईच्या चिंध्यांचं गाठोडंसुद्धा सोडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत आलीस तेव्हा मी तुला कपाट उघडून दाखवलं, एक एक खण. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तू हाये म्हणून शोधून तरी राह्यली मी."

नुजहत, मला माहीत होतं. ती वही मीच हौदात टाकली. नजरचुकीनं नाही. हातात घेतल्यावर तिचं नाव दिसलं होतं. मागची कोरी पानं मी काढून ठेवली, आपला नियमच तो, आणि मनात म्हटलं, येईल तेव्हा नवी वही देऊ, दहा टोमणे मारेल आणि पुन्हा लिहील. पोरगी घरी परत येणार, यावर माझा एवढा भरवसा होता. त्या हौदात तुझ्या हातून, तिच्या नावानं, कागद टाकून घेणं मला बघवणार नाही. सरांना मी आज सकाळी सगळं सांगितलं आहे. ते म्हणाले, नुजहतताई म्हणतील तसं करू. तू ये किंवा येऊ नको, माझं तोंड पुन्हा बघू नको, तो हक्क तुझा आहे. माफी मागायची माझी लायकी नाही. फक्त, ती वही वाचलेलं जिवंत माणूस आता मी एकटीच आहे, म्हणून जे आठवतं ते लिहून देते. 'पानी पी के जा, स्कूल कहीं भाग नहीं रहा.' 'सुई ढूँढ, मेरी आँखें मत ढूँढ.' 'अब्बू को मत बताना, मैं बता दूँगी.' आणि शेवटच्या पानावर, तारीख घालून, तिनं लिहिलं होतं, 'आज अम्मी कुछ नहीं बोली, बस मेरे बाल बनाती रही.' चाळीस पानांतलं एवढंच राहिलंय माझ्याजवळ.

तुझीच म्हणवण्याचा हक्क गमावलेली,
शीला