निळी भिंत

४ नोव्हेंबर
चारठाण्याला पोचले. घर नवंकोरं, मातीच्या विटांचं, लय आवडलं. भिंतीत ओल किती धरते ते बघायला एका कॉलेजनं बांधलंय. एकट्या माणसानं इथं राहायचं, रांधायचं, श्वास घ्यायचा, एवढंच काम. इंजिनियर अपेक्षानं टॅबवर भिंतींचा रंगीत आलेख दाखवला. संगणकाचा अंदाज एकीकडे, खरी ओल दुसरीकडे. मावशी, रंग बदलला की कळवा, म्हणाली आणि टॅब माझ्यापाशी ठेवून घाईनं जिंतूरची जीप धरली. वाचायला मी घरीच शिकले, रंगही शिकेन. लाल म्हणजे धोका. निळा तर आपला, झेंड्याचा. निळ्या भिंतीला खाट लावली, वर माझ्या गेलेल्या मालकांचा फोटो.

६ नोव्हेंबर
शेजारची तानुबाई म्हणाली, श्वास घ्यायचा पगार देतेत व्हय? मग आमचं म्हातारं ठेवा, ते घोरतं बी. हसले. घरी येऊन एकटीच जेवले.

१२ नोव्हेंबर
अपेक्षा खाट बघून हसली. निळं म्हणजे ओलं, मावशी, लाल कोरडं! मग आलेख बोटानं मोठा करून बघितला. संगं कोण राहायलंय, विचारलं. एवढी ओल एकाच्या श्वासाची नाही, दोघांची आहे. दुसरं कुणी ठेवलं तर घर सोडावं लागेल. कुणी नाही, मी म्हटलं. तिला पटलं नाही.

१३ नोव्हेंबर
खाट हलवली नाही. फोटोच्या काचेवर वाफ आहे, आतून. मालक जिनिंगवर होते. कापसाच्या धुळीनं छाती भरली. शेवटी त्यांना श्वास मिळेना, तेव्हा मी म्हटलं होतं, माझा घ्या. आज काचेला हात लावून तेच म्हटलं.

१९ नोव्हेंबर
निळं पसरलं. मला दम लागतोय, कळशी उचलवत नाही. तरी जेवताना एकटं वाटत नाही.

२२ नोव्हेंबर
भिंतीवर ओल उमटली — डोकं, खांदे. खाट ओढायला गेले. ताकद नाही —

२४ नोव्हेंबर
अपेक्षाचा फोन, आलेख तिकडं कॉलेजातबी दिसतो. खूश होती. आता एकाचीच ओल दिसायलीय, पाहुणं गेलं वाटतं. घर तुमचंच, म्हणाली. फोटोची काच कोरडी. पुन्हा गेले ते. मी रडले.

२५ नोव्हेंबर
चष्मा पुसायला तोंडाशी धरला. फुंकर मारली. काच कोरडी. पुन्हा — कोरडीच.
एकाचीच ओल. मग ती कुणाची —
मागं खाट करकरली. मानेवर ऊन ऊन, ओलसर वाफ —
हाक मारायचीय त्यांना. पण हाकेला श्वास —