सुलभाताईंचा आवाज

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

लिहूनच टाकते.

शाळेतली नोकरी सोडून इन्स्ट्रक्शनल डिझाइन शिकायचं, म्हणजे ऑनलाइन धडे कसे रचायचे ते, असं ठरल्यापासून मी फुकटचे कोर्स तपासतेय. शिकवतंय कोण, उदाहरणं खरी आहेत का, शंकांना उत्तर मिळतं का, सगळं वहीत टिपून. आज चौथा लावला. मराठीत आहे म्हणून खूश झाले, आणि पहिल्याच वाक्याला सुलभाताई बोलायला लागल्या. आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या त्या. गेल्या वर्षी वारल्या. "समजलं का?" म्हणताना 'का'च्या आधी जराशा थांबायच्या. तेच थांबणं.

जुनं रेकॉर्डिंग असेल, वाटलं. पण ज्या सॉफ्टवेअरबद्दल सांगत होत्या ते आलंच मुळी यंदा. मग हे कोण बोलतंय? पुन्हा लावलं. पुन्हा तेच थांबणं.

शेवटी त्यांच्या यजमानांना फोन लावला आणि ऐकवलं. काकांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "आजारपणात एका कंपनीला कॉम्प्युटरसाठी आवाज दिला होता तिनं. चार पानं वाचून. मला वाटलं, तेवढंच."

"बंद करायला सांगू का त्यांना?"

"थांब गं. मला नावानं हाक मारायला लावता येईल का तिला? तिनं कधी मारली नाही."

माहीत नाही म्हटलं. खोटं बोलले. कोर्सच्या पानाच्या तळाशीच चौकट होती: हवं ते लिहा, याच आवाजात ऐका.

मी काकांचं नाव लिहिलं, 'दत्ताराम'. ऐकलं.

काकांना अजून कळवलेलं नाही.